सात नंबरचा रास्मुस

वाल्बोर्ग आत्याला वस्तू देण्यात अर्थ नसतो. ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही सगळ्या भाचरांनी मिळून तिला आरामखुर्ची दिली होती. तिनं ती प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कोपऱ्यात ठेवली आणि पुढची दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, “ही भाचरांनी दिलेली खुर्ची. बसू नका.” म्हणून नव्वदी जवळ आली तेव्हा मी शहाणपणा केला आणि काय हवं ते तिलाच विचारलं. फेब्रुवारीतला रविवार होता. खिडकीबाहेर धुक्यानं रस्ता, कुंपण आणि समोरचं चर्च एकेक करून पुसून टाकलं होतं, आणि आत कॉफीचा दुसरा कप चालू होता. अशा हवेत माणूस नको ती वचनं देतो.

“रास्मुसचं शेत दाखव,” आत्या म्हणाली. “एकदा त्याच्या अंगणात उभी राहीन म्हणते.”

रास्मुस हा आत्याचा खापरपणजोबा. ट्रानरूप नावाच्या गावात त्याचं भलं मोठं शेत होतं आणि ते त्यानं एका कॉर्टवर घालवलं, एवढी एकच गोष्ट त्याच्याबद्दल आमच्या घराण्यात ठाऊक होती. कॉर्ट म्हणजे पत्ता, खेळायचा. हे वाक्य बापाकडून मुलाकडे येत गेलं आणि त्याच्याबरोबर पत्त्यांची बंदीही आली. लहानपणी मला न्हाव्याच्या दुकानात चौकटचा गुलाम सापडला होता. तो खिशात घालून मी घरी आणला, तर वडिलांनी तो चिमट्यात धरून शेगडीत टाकला आणि नंतर चिमटाही धुतला. आत्या तर याबाबतीत वडिलांच्या वरताण. तिच्या घरात पत्त्यांचा जोड कधी उंबरा ओलांडून आला नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जमीन, नद्या, सीमा, नकाशे ही माझ्या घरची माणसं. त्यामुळे मी छाती काढून म्हणालो, “आत्या, तुझ्या नव्वदीचा केक आपण रास्मुसच्या अंगणात कापू.” माझ्या बायकोनं, इंगेलिसेनं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर मी बोलून चुकलो होतो. तिचा पाय नेहमी एक वाक्य उशिरा येतो.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी वर्नर भेटला. वर्नर आमचा शेजारी. नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ करतो.

“माणसांच्या मागे लागू नकोस,” तो म्हणाला. “माणसं मरतात, नावं बदलतात, अमेरिकेला जातात. जमीन कुठं जाणार? गट नंबर धरायचा आणि खरेदीखतांवरून एकेक पायरी मागे उतरत जायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.”

वर्नरचा अर्धा तास मला माहीत आहे. मागे एकदा त्यानं आमचा नळ अर्ध्या तासात दुरुस्त करून दिला होता, तेव्हा आम्ही नऊ दिवस त्याच्याकडे आंघोळीला जात होतो. तरी त्याचं बोलणं मला पटलं. जमीन जागची हलत नाही, हे तर मी स्वतः मुलांना शिकवलेलं होतं.

एका कार्यालयात फोन लावला. तासाभरानं एक गोड आवाजाची बाई फोनवर आली.

“मालकी कुणाची हवीय? आत्ताची की आधीची?”

“आधीची. सतराशे सत्त्याऐंशीची.”

थोडा वेळ फक्त कळफलक वाजत राहिला.

“त्या गृहस्थांचा जन्मदिनांकासकट ओळख क्रमांक आहे का तुमच्याकडे?”

“त्यांना क्रमांक नव्हता. त्यांना गाई होत्या.”

“मग हे आमच्या विभागात येत नाही,” ती म्हणाली. कुठल्या विभागात येतं असं विचारल्यावर म्हणाली, की ते सांगणंही त्यांच्या विभागात येत नाही. असे चार फोन झाले. चौथ्या माणसानं दया येऊन सांगितलं, की इतकं जुनं सगळं अभिलेखागारात असतं, आणि तिथं फोन करू नका, जा.

अभिलेखागाराच्या वाचनगृहात जायचं म्हणजे आधी सर्वस्वाचा त्याग करावा लागतो. कोट, पिशवी, छत्री, पेन, केळं, सगळं बाहेरच्या कपाटात. आत फक्त एक पेन्सिल आणि आपण. टेबलामागे राग्नहिल्डबाई होत्या. बारीक अंगकाठी, राखाडी स्वेटर, आणि आवाज इतका हळू की त्या बोलतायत की विचार करतायत हे कळत नसे. त्यांनी माझ्यापुढं शेतांच्या जुन्या नोंदींची एक वही ठेवली. मी ती उघडली आणि दहा मिनिटांनी बंद केली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“ही कुठल्या भाषेत आहे?”

“आपल्याच. फक्त अक्षर जुनं आहे.”

ते अक्षर म्हणजे पावसानं झोपवलेलं गवत. सगळं एकाच दिशेला वाकलेलं. मग मी दर मंगळवारी वाचनालयात जुनं अक्षर शिकवायच्या वर्गाला जाऊ लागलो. सहा मंगळवार गेले. सातव्या मंगळवारी मी मोठ्या आत्मविश्वासानं घरी आलो आणि इंगेलिसेला सांगितलं, की रास्मुसच्या शेजाऱ्यानं मरताना आपलं सारं शेत थोरल्या डुकराच्या नावे केलं, आणि धाकट्या दोन डुकरांना लिहायला-वाचायला शिकवावं अशी अट घातली.

इंगेलिसेनं स्वेटर विणायचं थांबवलं नाही. “मुलगा असेल ते,” ती म्हणाली. “तुम्हा पुरुषांचं अक्षरच तसं.”

तिचं बरोबर होतं; त्या जुन्या अक्षरात आमच्या भाषेतले हे दोन शब्द सारखेच दिसतात. पण एकदा डुकरांचे मुलगे झाल्यावर वाचन सोपं झालं, आणि एप्रिलच्या एका सकाळी रास्मुस भेटला. पान पिवळं, शाई तपकिरी. ‘ट्रानरूप गाव, शेत नंबर सात, रास्मुस पेडरसन यास.’ खाली त्याच्या घराची पाहणी होती. नव्या माणसाला घर देताना गावातले दोन जण येऊन बघून जायचे आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे. अकरा खणांचं घर, ओकच्या तुळया, मातीच्या भिंती, वर गवत. अंगणाकडे एक दार, बिजागऱ्या दोन. भट्टी चांगली. चार खिडक्या, त्यांपैकी उगवतीच्या खिडकीतली एक काच नाही, तिथं चिंधी.

त्या चिंधीपाशी मी जो अडकलो तो अडकलोच. वाचनगृहात खूप ऊन येत असे आणि उन्हात कागदाची धूळ अगदी सावकाश खाली उतरायची. मी पेन्सिल हातात धरून त्या दारातून आत जायचो. दाराला वाकावं लागे. आत भट्टीचा उबट वास, मातीची जमीन, कुणीतरी बाकावर ठेवून गेलेलं दुधाचं भांडं. पहिला खण, दुसरा खण, तिसरा. सातव्या खणात गाई सुरू व्हायच्या. त्या मान वळवून माझ्याकडे बघायच्या, त्यांना काही नवल वाटायचं नाही. उगवतीच्या खिडकीशी यायचो तर वारा चिंधीला आत फुगवायचा आणि परत बाहेर ओढून घ्यायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. रास्मुस कधी दिसला नाही. तो नेहमी नुकताच बाहेर गेलेला असे.

असे किती दिवस गेले कोण जाणे. जेवताना इंगेलिसे बटाटे वाढून थांबायची आणि म्हणायची, “मी थांबते, तू ये सावकाश.”

त्या वहीत आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्यांनी माझी झोप नाही तरी भूक उडवली. पहिली, रास्मुस मालक नव्हताच. तो कूळ होता, जमीन जहागीरदाराची. दुसरी, अठराशे एक साली त्यानं शेत सोडल्याची नोंद. कारण एका शब्दात दिलं होतं, ‘ओलीमुळे’. मी तो शब्द तीनदा वाचला. ओल म्हणजे घसा ओला करायची, दुसरी कुठली; पत्ते ठाऊक होते, आता बाटलीही निघाली.

“आत्याला सांगून टाक,” इंगेलिसे म्हणाली.

“नव्वदी होऊ दे. नंतर सांगतो.”

“नव्वदीच्या नंतर म्हणजे नक्की कधी?”

मी नंबराकडे वळलो. आजच्या जमीन नोंदणीत ट्रानरूपचा सात नंबर शोधला, तर निघाला. मालक मोन्स क्राग, डुकरांचा मोठा धंदा, आणि वरून काढलेल्या फोटोत चारी बाजूंनी पांढरं घर, मध्ये चौकोनी अंगण, अंगणात झाड. त्या एकाच फोटोवर माझा जीव जडला. तेव्हाही सात, आत्ताही सात. मधली खरेदीखतं बघायची राहिली होती, पण ती पेटी कुठं तरी साफसफाईला गेली होती. राग्नहिल्डबाई त्यावर काहीतरी म्हणाल्या, हे मला आठवतं. त्यांचे ओठ हलले, ‘मधे कधीकधी’ एवढं ऐकू आलं. मी तेव्हा पाचव्या खणात होतो. मी मान डोलावली. चौतीस वर्षं वर्गात मुलं माझ्याकडे बघून नेमकी अशीच मान डोलवायची आणि मी त्यांना बाकावर उभं करायचो.

क्रागला चार पानांचं पत्र लिहिलं. घराण्याचा इतिहास, आत्याचं वय, केकची तयारी आमची, खुर्च्या आमच्या, फक्त अंगण त्यांचं. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती : ‘या. डुकरांच्या बाजूला जाऊ नका.’

मग काम हातातून निसटलं. आधी आत्या, आम्ही दोघं आणि चुलतबहीण बोडिल एवढेच जायचे ठरले होते. बोडिलनं तिच्या मुलांना सांगितलं, मुलांनी सासरी सांगितलं, आणि वर्नर म्हणाला, की कल्पना मुळात माझी, तर मी नको का. सत्तावीस माणसं झाली. बस ठरली. छोटे झेंडे आले. बोडिलनं वाढदिवसाचं गाणं रचलं, सगळ्यांना येणाऱ्या चालीवर, चौदा कडव्यांचं, आणि त्याच्या प्रती काढून लाल दोऱ्यानं बांधल्या. तिसऱ्या कडव्यात रास्मुस ‘दाही दिशांचा धनी’ होता. मी तिला फोन करून म्हटलं, की धनी शब्द जरा जास्त होतो. ती म्हणाली, “मग यमक तू आण.” मी आणू शकलो नाही.

चौदा जूनला आम्ही निघालो. उन्हाळा नुकताच बसला होता. दोन्हीकडे कोवळं बार्ली, वाऱ्यानं त्यावर लांबच लांब सावल्या पळत होत्या, आणि आत्या पुढच्या सीटवर निळ्या ड्रेसमध्ये दोन्ही हात मांडीवर जुळवून बसली होती. शाळेत पहिल्या दिवशी जाणाऱ्या मुलीसारखी ती रस्त्याकडे बघत होती.

फाटकाशी मोन्स क्राग उभा होता. पन्नाशीचा, रुंद, हातात एक खोका. खोक्यातून त्यानं प्रत्येकाला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जोडी दिली, बुटांवरून चढवायला.

“डुकरांसाठी,” तो म्हणाला. “बाहेरचं काही लागायला नको त्यांना.”

“नव्वद वर्षांत माझ्यापासून कुणाला काही लागलेलं नाही,” आत्या म्हणाली, पण पाय पुढं केला. मोन्सनं गुडघा टेकून तिच्या बुटावर पिशवी चढवली.

मग सणाच्या कपड्यांतली सत्तावीस माणसं निळे पाय सरसरवत अंगणात आली. अंगण फोटोतल्यापेक्षा सुंदर होतं. मध्ये चेस्टनटचं झाड, त्याच्या खाली टेबलं मांडली, क्रीमचा थरांचा केक आला, झेंडा चढला, चौदा कडवी झाली. तिसऱ्या कडव्याला मी खोकलो. मग मी भाषणाला उठलो. अकरा खण, ओकच्या तुळया, दोन बिजागऱ्या. बोलता बोलता मीच तरंगायला लागलो. समोरच्या दाराकडे हात करून म्हणालो, “याच दारातून रास्मुस रोज सकाळी बाहेर पडला असेल. आणि ती, ती उगवतीची खिडकी.”

आत्याचे डोळे भरून आले. इंगेलिसेचेही आले, आणि ती काही सहज रडणारी बाई नाही.

टाळ्या थांबल्यावर मोन्स म्हणाला, “ते दार माझ्या वडिलांनी केलं. एकोणीसशे बासष्टला.”

“जुनं दार तिथंच असणार,” मी म्हणालो.

“तिथं भिंत होती.” तो थोडा वेळ टोपीशी खेळत राहिला. “तुम्ही सात नंबर म्हणालात. कुठला सात? जुना का नवा?”

मी म्हणालो, “सात म्हणजे सात.”

“अठराशे चव्वेचाळीसला फेरमोजणी झाली ना सगळ्या देशाची. तेव्हा नंबर बदलले. आमचा हा पूर्वी बारा होता. आमच्याच घराण्यात आहे हा, तेव्हापासून.”

सत्तावीस चेहरे माझ्याकडे वळले. बोडिलनं गाण्याची प्रत मिटली. वर्नर केकचा घास गिळून म्हणाला, “मी म्हटलं होतं, एकेक पायरी उतर,” आणि वाईट म्हणजे त्यानं खरंच म्हटलं होतं. मी उभाच होतो. उभ्या माणसाला अशा वेळी बसताही येत नाही, बसलं तर कबुली दिल्यासारखं होतं. निळ्या पिशव्या घातलेल्या पायांवर माणसाची प्रतिष्ठा फार वेळ टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

“मग रास्मुसचं शेत कुठलं?” आत्यानं विचारलं. तिनं मला नाही, मोन्सला विचारलं.

मोन्स आत गेला आणि भिंतीवरची एक मोठी चौकट काढून घेऊन आला. केकच्या ताटल्या बाजूला सारून त्यानं ती टेबलावर ठेवली. सतराशे चौऱ्याण्णवची मोजणी. मध्ये गाव, सगळी घरं तळ्याभोवती एकमेकांना टेकून बसलेली. आणि गावापासून चारी दिशांना सरळ रेघा गेलेल्या, समोरच्या केकच्या फोडी पाडाव्यात तशा. त्याआधी गावात प्रत्येकाच्या जमिनीचे शंभर तुकडे शंभर ठिकाणी असायचे. भूमापक आला, त्यानं रेघा ओढल्या आणि प्रत्येकाला एक फोड दिली.

“हा जुना सात,” मोन्सनं तळ्याशेजारच्या घरावर बोट ठेवलं. मग ते बोट रेघेवरून सरकत कागदाच्या पार कडेला गेलं. “आणि ही त्याला आलेली फोड. सगळी दलदल. ज्याची जमीन लांब पडली त्याला गावातून उठावं लागलं. घर मोडायचं, तुळया गाडीवर घालायच्या आणि तिकडं नेऊन पुन्हा उभं करायचं. पत्ते कुठं खेळला असेल तो मला माहीत नाही. शेत त्याचं गेलं ते या कॉर्टवर.”

कॉर्ट म्हणजे पत्ता. आणि आमच्या भाषेत नकाशालाही कॉर्टच म्हणतात. हे आमच्या घराण्यात प्रत्येकाला शाळेपासून ठाऊक होतं. मला तर जरा जास्तच ठाऊक असायला हवं होतं, कारण चौतीस वर्षं रोज सकाळी मी भिंतीवर कॉर्ट टांगून मुलांना ते छडीनं दाखवत होतो. पाच पिढ्यांत एकालाही, आणि माझ्या एका विद्यार्थ्यालाही, हे सुचलं नव्हतं. विद्यार्थ्यांना निदान रास्मुस माहीत नव्हता.

मग मी बसलो. आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. तो मालक नव्हता, कूळ होता. आणि अठराशे एकला त्यानं शेत सोडलं, वहीत कारण लिहिलंय, ‘ओलीमुळे’. “मला वाटलं दारू,” मी म्हणालो.

“ओल,” मोन्स म्हणाला. “तिथं गुडघाभर पाणी असायचं. माझ्या आजोबांनी जमिनीखालून नळ टाकले तेव्हा कुठं सुकलं.”

आत्यानं दलदलीच्या फोडीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे बिचाऱ्यानं पत्ता हातात धरला नाही, प्याला धरला नाही. सात वर्षं चिखलात उभा राहिला. आणि आम्ही दोनशे वर्षं त्याला शिव्या घातल्या.”

मोन्सनं चौकट तिच्याकडे जरा सरकवली.

“आणि माझा स्वेन,” ती पुढं म्हणाली. स्वेन म्हणजे तिचा नवरा, जाऊन वीस वर्षं झाली. “तीस वर्षं दर गुरुवारी समूहगानाच्या तालमीला जायचा.”

आम्ही सगळ्यांनी ताटल्यांकडे बघायला सुरुवात केली. स्वेनकाका गुरुवारी कुठं जायचे ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते बेकरीच्या मागच्या खोलीत पत्ते खेळायचे.

“मला माहीत होतं,” आत्या म्हणाली. “त्याला सूर कुठं होता. नुसतं सांगायला हवं होतं मी, की जा, खेळ.” तिनं रुमाल काढला, नाक पुसलं आणि केकची दुसरी फोड मागून घेतली.

मोन्स अजून उभाच होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि बोलायची सवय नव्हती. “एक आहे,” तो म्हणाला. “ती दलदलीची फोड आता माझ्याकडेच आहे. मागच्या बाजूला. तिथं मध्ये एक तुकडा आहे, जरा उंचवट्याचा. तुकड्या-तुकड्यांना नावं असतात आमच्यात. त्याला आम्ही रास्मुस म्हणतो.”

“कोण म्हणतं?” मी विचारलं.

“सगळे. वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. आज रास्मुस नांगरला, रास्मुसमध्ये बार्ली लवकर पिवळं पडलं. मला वाटायचं कुणाचा तरी घोडा पुरलाय तिथं.”

आत्या उठली. केकची फोड तशीच राहिली.

बस शेतात जात नव्हती, म्हणून मोन्सनं तिला आपल्या गाडीत घातलं आणि आम्ही बाकीचे कडेकडेनं चालत गेलो. दुपारचं ऊन पातळ झालं होतं. चंडोल वर कुठं तरी एका जागी टांगल्यासारखा गात होता, दिसत नव्हता. बार्लीच्या कमरेएवढ्या हिरव्या पाण्यात मध्येच एक फिकट, पिवळसर बेट होतं, लांबट आकाराचं. मी नकळत मोजायला लागलो. अकरा खणांना पुरेल एवढं होतं.

मोन्सनं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून आत्याला आत नेलं. ती त्या बेटाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. बार्ली तिच्या निळ्या ड्रेसला लागून हलत होतं. मी बांधावरून तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, आता कुणीही वळून म्हणालं, की ही रास्मुसची मुलगी, त्याला बोलवायला आलीय, तर मी मान डोलवीन. इंगेलिसे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी तिनं माझ्या पायावर पाय दिला नाही. नुसता दंड धरला.

“इथं पीक कसं येतं?” आत्यानं विचारलेलं आम्हाला ऐकू आलं.

“कमी,” मोन्स म्हणाला. “खाली पायाचे दगड आहेत.”

“नांगरता कधी?”

“सप्टेंबरात.”

“मला कळवा.”

म्हातारी माणसं असं बोलतात, आपण हो म्हणायचं असतं, असं मी धरून चाललो. पण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोन्सचा फोन आला. “उद्या रास्मुस. सकाळी नऊला,” म्हणाला आणि ठेवला.

आत्या सातलाच तयार होती. आम्ही पोचलो तेव्हा कापलेल्या शेतावर पातळ धुकं होतं आणि त्यात ट्रॅक्टर एखाद्या हिरव्या घरासारखा उभा होता. त्याची पायरी आत्याच्या कमरेला लागत होती. मी म्हणालो, “आत्या, आपण इथूनच बघू.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भूगोलाच्या पेपरात नापास झालोय. मोन्स गोठ्यामागून डुकरं गाडीत चढवायची फळी घेऊन आला, तिला दोन्हीकडे कठडा होता. त्यावरून ती चढली, कठड्याला धरून, अजिबात घाई न करता, आणि मोन्सच्या शेजारच्या लहान जागेवर जाऊन बसली. त्यानं दार लावलं. मला आत जागा नव्हती. कुणी विचारलंही नाही.

तासभर मी बांधावर उभा होतो. ट्रॅक्टर धुक्यात जायचा, नाहीसा व्हायचा, मग आवाज आधी यायचा आणि मागून दिवे. नांगरामागं काळी, ओली, चमकणारी माती उलटी होत यायची आणि समुद्रपक्षी पांढरे ठिपके होऊन तिच्यावर उतरायचे. दर फेरीला काचेमागं दोन डोकी दिसायची, एक टोपीचं, एक पांढरं. ती एकमेकांकडे बघत नव्हती. दोन्ही सरळ समोर बघत होती.

ती उतरल्यावर मी विचारलं, “काय बोललात एवढा वेळ?”

“काही नाही. तो फारसं बोलत नाही.” तिनं हातमोजे घातले. “पण त्या तुकड्यावर आलं, की तो दर वेळी फाळ जरा वर उचलून घेतो. दगडांना लागू नये म्हणून. मी म्हटलं, एवढा त्रास कशाला, काढून का टाकत नाही दगड. तर म्हणाला, काढले तर मग रास्मुस कुठं राहील.”

“मग?”

“मग काय,” आत्या म्हणाली. “आम्ही आणखी एक फेरी मारली.”